हिशेब कोणीं मांडावा?

अर्थशास्त्र हें नांव दिसतांच आपल्याकडील बहुश्रुत वाचकहि पान उलटतो, हा अनुभव मासिकांच्या संपादकांना नवा नाहीं. कादंबरीवरील चार पानांची टीका वाचली जाते. वेदान्तावरील निबंध समजो न समजो, आदरानें चाळला तरी जातो. परंतु रुपया, मजुरी, व्याज, कर या विषयांवरील लेख म्हणजे जाणत्यांनीं जाणत्यांसाठीं लिहिलेला, अशी एक समजूत होऊन बसली आहे. अलीकडे सामान्य वाचकांसाठीं अर्थशास्त्र सोपें करून सांगणारीं, आणि तेंहि पुरोगामी दृष्टीनें सांगणारीं, पुस्तकें निघत असतात. त्यांचें स्वागत करावें कीं त्यांजकडे संशयानें पाहावें, हा केवळ ग्रंथपरीक्षणाचा प्रश्न नव्हे. ज्या माणसानें या शास्त्राचें शिक्षण घेतलें नाहीं त्यानें समाजाच्या धनव्यवहाराविषयीं मत द्यावें काय, आणि द्यावें तर कोणत्या अधिकारानें, हा त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे. आणि तो नीतीच्या प्रांतांत मोडतो.

यावर एक ठरलेलें उत्तर मिळतें. ताप आला तर आपण वैद्याकडे जातों, पूल बांधावयाचा तर त्याचें गणित इंजिनियरावर सोंपवितों. मग चलन, कर्ज आणि कर हे विषय त्यांतल्या जाणत्यांवर सोंपवावयास हरकत कोणती? दाखला वरवर पाहतां बिनतोड आहे. परंतु रोगी आणि वैद्य यांच्यामध्यें साध्याविषयीं मतभेद नसतो. ताप उतरावा हें दोघांनाहि हवें असतें. प्रश्न राहतो तो औषधाचा. धनव्यवहारांत साध्यच वादांत असतें. धान्य स्वस्त व्हावें हें कारखान्यांतल्या मजुराला हवें, शेतकऱ्याला नको. व्याजाचा दर उतरला कीं घर बांधणारा सुखावतो आणि ठेवीवर जगणारा पेन्शनर कष्टी होतो. यांपैकीं कोणाच्या सुखाला किती वजन द्यावयाचें हें कोणत्याहि सूत्रांतून निघत नाहीं. जाणता माणूस एवढें सांगूं शकतो कीं, या वाटेनें गेलांत तर अमुक ठिकाणीं पोंचाल आणि वाटेंत अमुक खर्च येईल. जावें कोठें, हें ज्यांना चालावयाचें त्यांनीं ठरवावयाचें. शिवाय वैद्याच्या औषधानें वैद्याची स्वतःची प्रकृति बदलत नाहीं. अर्थशास्त्रज्ञ मात्र स्वतः कोणत्या तरी वर्गांत राहतो, पगार घेतो, घर विकत घेतो, आणि त्याच्या सल्ल्याचा परिणाम त्याच्याहि खिशावर होतो. यावरून तो अप्रामाणिक ठरत नाहीं. पण त्याचा सल्ला तपासून घेण्याचा हक्क इतरांस आपोआप प्राप्त होतो. हक्क मिळाला म्हणजे पात्रताहि आली असें मात्र नव्हे, आणि म्हणूनच पुस्तकांची गरज पडते.

मराठींत या विषयावर लिहिण्याची परंपरा समजली जाते तितकी नवी नाहीं. रामकृष्ण विश्वनाथ यांनीं हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीविषयीं आपला ग्रंथ १८४३ मध्यें प्रसिद्ध केला. परराज्यांत देशाचें धन बाहेर कसें जातें याची चर्चा दादाभाई नौरोजींच्या आधीं दोन तपें मराठी माणसें करीत होतीं. १८४९ मध्यें लोकहितवादींचें 'लक्ष्मीज्ञान' निघालें. तें एका इंग्रजी पुस्तकाच्या आधारें लिहिलेलें होतें, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं; नवें शास्त्र प्रथम भाषांतरानेंच येतें. परंतु भाषांतरित शास्त्राची दिशा ठरलेली असते. आधीं नियम सांगावयाचा, मग आपल्या लोकांचें वर्तन त्या नियमाला कोठें चुकतें तें दाखवावयाचें. महात्मा फुले यांनीं १८८३ मध्यें पुरा केलेला 'शेतकऱ्याचा असूड' उलट्या टोकानें सुरू होतो. तेथें आरंभीं शेतकरी आहे, त्याचें कर्ज आहे, त्याच्या दारीं येणारे भट, सावकार आणि सरकारी कामगार आहेत. नियम निघालाच तर त्यांतून निघावयाचा. डॉ. आंबेडकरांनीं १९१८ मध्यें लहान शेतांच्या प्रश्नावर इंग्रजींत जो निबंध लिहिला त्यांत पद्धति शास्त्रीय आहे, पण प्रश्न विचारणारा डोळा फुल्यांचाच आहे. शेत लहान कीं मोठें हें नुसत्या एकरांवर ठरत नाहीं, त्यावर राबणारीं माणसें आणि भांडवल यांच्या प्रमाणावर ठरतें; आणि शेतावर अडकून पडलेल्या निकामी श्रमाला उद्योगधंद्यांत वाट करून दिल्यावांचून शेती सुधारावयाची नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. पुरोगामी अर्थशास्त्र म्हणजे काय याची व्याख्या आम्हांस या दोन लेखकांकडे पाहून करावीशी वाटते. हिशेब तोच, बेरीज-वजाबाकी तीच. पण वही कोणाच्या ओसरीवर बसून उघडली, एवढा त्यांत फरक.

ही गोष्ट तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षां एका मुलखावरून पाहूं. मुंबईच्या उत्तरेस समुद्र आणि सह्याद्रीचे फांटे यांच्यामध्यें पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू, तलासरी हा पट्टा आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणें जिल्ह्यांत होता, त्या दिवशीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. किनाऱ्यावर मांगेला व इतर मच्छीमार, बागायतींत वाडवळ व भंडारी, आणि पूर्वेकडच्या डोंगरांत वारली व इतर आदिवासी. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत या डोंगरपट्टींतील जमीन सावकार-जमीनदारांच्या हातीं गेली होती आणि जे तिचे मूळचे धनी ते कुळें किंवा वेठकरी झाले होते. मुंबई सरकारनें नेमलेला अधिकारी सिमिंग्टन यानें १९३० नंतरच्या दशकांत या स्थितीची चौकशी केली, तेव्हां कर्जापायीं गुलाम झालेल्या माणसांचा वृत्तांत सरकारदप्तरींच दाखल झाला. त्यांतला 'लग्नगडी' हा प्रकार तर प्रसिद्धच आहे. लग्नासाठीं थोडेसे रुपये कर्ज घ्यावयाचे, आणि तें फिटेपर्यंत नवऱ्यानें, बहुधा बायकोनेंहि, सावकाराच्या घरीं राबावयाचें; आणि तें फिटत नसे.

येथें नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न उभा राहतो. त्या तरुणानें कागदावर अंगठा स्वतः उठविला होता. कोणीं त्याचा हात धरला नव्हता. मग करार मोकळ्या मनानें झाला असें म्हणावयाचें काय? मिलनें आपल्या १८५९ च्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत असा विचार मांडला आहे कीं, स्वतःस गुलाम म्हणून विकण्याचा करार स्वातंत्र्याच्या नांवावर मान्य करतां येत नाहीं, कारण त्या एका कृतीनें पुढचें सारें स्वातंत्र्य संपतें. उत्तर सुंदर आहे, पण अपुरें आहे. वारल्यानें स्वतःला विकण्याचा करार केला नव्हता, लग्नाचा खर्च काढला होता; गुलामी त्या कागदांत लिहिलेली नव्हती, ती हिशेबांत होती. कागद पाहणाऱ्या न्यायाधीशाला ती दिसणार नाहीं. ती दिसावयास व्याज मोजतां आलें पाहिजे.

आतां खावटीचें उदाहरण घेऊं. पावसाळ्यांत घरांतलें धान्य संपलें कीं कुळानें सावकाराकडून भात उचलावें आणि पीक आल्यावर वाढीदिढीनें फेडावें, अशी रीत होती. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं आहेत. आषाढांत भाताचा भाव मणास १२ रुपये आणि कार्तिकांत ९ रुपये आहे असें धरा. कुळानें आषाढांत एक मण उचललें आणि कार्तिकांत दीड मण फेडलें. भाताच्या मापानें चार महिन्यांत ५० टक्के वाढ झाली. यावर सावकार म्हणेल, "मी १२ रुपयांचा माल दिला, साडेतेरा रुपयांचा परत घेतला, चार महिन्यांस दीड रुपया मिळाला, म्हणजे साडेबारा टक्के. बुडित खातीं लक्षांत घ्या; यांत जुलूम तो कोणता?" त्याची बेरीज चुकलेली नाहीं, आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या लेखकानें ती लपवूं नये. पण पुढें जाऊं. सावकार तें भात कार्तिकांतच विकावयास बांधलेला नाहीं. त्याच्यापाशीं कोठार आहे. तो तें पुढच्या आषाढापर्यंत ठेवील आणि मग त्या दीड मणाचे १८ रुपये होतील. उंदीर-घूस आणि घट वजा जातां थोडे कमी. बाराचे अठरा, म्हणजे वर्षास ५० टक्के. बरें, कार्तिकांत भाव ९ रुपयांवर कां उतरला? सगळ्या कुळांचें धान्य फेडीसाठीं एकाच पंधरवड्यांत बाहेर पडलें म्हणून. आषाढांत तो १२ कां झाला? तेंच धान्य चार कोठारांत जाऊन बसलें म्हणून. ज्या भावाच्या आधारें सावकार आपलें व्याज माफक ठरवितो तो भाव अंशतः त्याच्याच कर्जानें घडविलेला आहे. "बाजारभाव" हा शब्द उच्चारला म्हणजे जणूं पाऊसपाण्यासारखी निसर्गाची गोष्ट बोललों असें आपणांस वाटतें. पाऊस खरोखर निसर्गाचा आहे, भाव नाहीं. एवढा एक विचार जें पुस्तक सामान्य वाचकाच्या मनांत उतरवील त्यानें आपली किंमत वसूल करून दिली असें आम्ही म्हणूं.

२३ मे १९४५ रोजीं आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी या गांवीं सुमारें पांच हजार वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते त्यांच्यामध्यें होते. वेठ करावयाची नाहीं आणि दिवसाला १२ आण्यांखालीं मजुरी घ्यावयाची नाहीं, असें तेथें ठरलें. पावसाळा संपल्यावर गवतकापणीचा प्रश्न आला. या भागांतलें गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी झाली आणि कापणी थांबली. अॅडम स्मिथनें १७७६ मध्येंच लिहून ठेवलें आहे कीं, मजुरीच्या तंट्यांत मालक दीर्घकाळ तग धरूं शकतो आणि मजूर धरूं शकत नाहीं. म्हणून सौदा आरंभापासूनच समतोल नसतो. या सिद्धान्ताला गवतानें एक पुरवणी जोडली. गवत थांबत नाहीं. तें वाळतें, झडतें, वणव्यांत जातें. आणि कोठारांतल्या भातासारखें त्याला पुढच्या आषाढापर्यंत उभें ठेवतां येत नाहीं. वर्षांतून कांहीं आठवडे तरी असे होते कीं जेव्हां थांबण्याची ताकद मजुराकडे होती. ती त्याच्याकडे आधींहि होती, पण ती दिसावयास सर्वांनीं एकदम थांबावें लागतें.

त्याची किंमतहि द्यावी लागली. १० व ११ ऑक्टोबर १९४५ च्या सुमारास तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड याच्यासह पांच जण मरण पावले. तरी संप मोडला नाहीं, पुष्कळ ठिकाणीं मजुरी वाढवून द्यावी लागली, आणि वेठ व लग्नगडी या पद्धति त्या चळवळीनंतर पुन्हां उभ्या राहूं शकल्या नाहींत. सबंध देशांत वेठबिगारीचें कर्ज रद्द करणारा कायदा व्हावयास १९७६ साल उजाडलें.

येथें आमचे कांहीं पुरोगामी मित्र थांबतात आणि टाळी घेतात. तें आम्हांस पसंत नाहीं. विरुद्ध बाजूचा एक आक्षेप उरतोच: मजुरी वाढली तर काम देणारा कमी माणसें लावील, मग उरलेल्यांनीं काय करावें? आक्षेप खोटा नाहीं, त्याला स्थळकाळाची मर्यादा आहे. जेथें काम देणारे मूठभर असून मजुराला दुसरीकडे जातां येत नाहीं, तेथें मजुरी आधींच पाडून ठेवलेली असते. ती वाढविल्यानें काम घटतेंच असें नाहीं. डोंगरपट्टींत ती स्थिति होती. पण जेथें काम देणारे अनेक आहेत आणि त्यांचा नफा बारीक आहे, अशा लहान कारखान्यांच्या वस्तींत तोच उपाय तसाच लागू होईल असें सांगणें म्हणजे वाचकाची फसवणूक होय. पुरोगामी पुस्तकांचा मोठा दोष हाच कीं तीं वाचकाच्या सदिच्छेची खुशामत करतात. हेतु चांगला म्हणून परिणाम चांगला, असें धनव्यवहारांत होत नाहीं. आणि हें सांगण्याचें काम प्रतिपक्षावर सोंपवून देणारा लेखक आपल्या वाचकाला निःशस्त्र करून सोडतो.

दुसऱ्या बाजूच्या लोकप्रिय पुस्तकांत याहून मोठा घोटाळा आढळतो. देशाचा कारभार म्हणजे घरप्रपंचच, मिळकतीपुरता खर्च करावा, अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण. घरापुरती ती उत्तम आहे. पण घरांतल्या माणसानें खर्च कमी केला तर त्याची मिळकत कमी होत नाहीं, कारण ती बाहेरून येते. देशांत एकाचा खर्च तीच दुसऱ्याची मिळकत असते. दुष्काळांत सर्वांनींच हात आंखडला तर दुकानदार बसतो, दुकानदार बसला कीं हमाल बसतो. १९७२ च्या दुष्काळाच्या काळांत महाराष्ट्रानें याच्या उलट वाट धरली. वि. स. पागे यांच्या आग्रहानें पुढें आलेल्या रोजगार हमी योजनेनें मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि १९७७ मध्यें तिला कायद्याचें रूप मिळालें. पैसा आणावयाचा कोठून? त्यासाठीं १९७५ मध्यें नोकरदार व धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसविला. बोईसरच्या कारखान्यांतला कारकून किंवा मुंबईच्या कचेरींतला साहेब आजहि आपल्या पगारपत्रकावर त्या कराची कपात पाहतो आणि बहुधा कुरकुरतो. तो कर मुळांत कोणासाठीं बसविला होता हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. सामान्यांसाठीं अर्थशास्त्र लिहूं इच्छिणाऱ्यानें त्या पगारपत्रकापासून आरंभ करण्यास आमची हरकत नाहीं.

आतां किनाऱ्याकडे वळूं, कारण आजचा खरा पेंच तेथें आहे. तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ मध्यें सुरू झालें, तें देशांतलें पहिलें. बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. रसायनें, औषधें, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. दूरदूरचे मजूर आले. आंबेडकरांनीं १९१८ त सुचविलेली वाट ती हीच, आणि जमिनीच्या तुकड्यावरून सुटून कारखान्यांत दोन पैसे मिळविणाऱ्या माणसाला ही वाढ वाईट होती असें सांगण्याचा अधिकार मुंबईंत बसून लिहिणाऱ्या कोणासहि नाहीं. परंतु वसाहतीचें सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जातें. पिगू या इंग्रज पंडितानें १९२० मध्येंच हें दाखवून दिलें होतें कीं, ज्या नुकसानाची किंमत कारखानदाराला द्यावी लागत नाहीं तें त्याच्या हिशेबांत येत नाहीं, आणि म्हणून माल दिसतो त्याहून महाग पडत असतो. फरक दुसरा कोणी तरी भरीत असतो. येथें तो दुसरा कोणी मच्छीमार आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ च्या निकालांत लवादानें कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी टाकली. कायद्यानें काय साधलें याची चर्चा वकिलांनीं करावी. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, पिगूचा सिद्धान्त त्याचें नांव न ऐकलेल्या माणसांनीं लवादापुढें मांडला.

मच्छीमाराची अडचण शेतकऱ्याहून निराळी आहे. शेतकऱ्याच्या नांवें सातबारा असतो. जमीन गेली तर निदान कोणाची गेली हें कळतें. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें बाजारभाव हा मोबदल्याचा पाया धरला होता. २०१३ च्या कायद्यानें मोबदला वाढविला आणि प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल याची तपासणी आवश्यक केली. समुद्राला सातबारा नाहीं. सातपाटीचा मच्छीमार पिढ्यान्पिढ्या जेथें जाळें टाकतो ती जागा त्याच्या नांवावर नाहीं, म्हणून ती गेली तर कागदावर कांहींच गेलेलें नसतें. ज्या पापलेटावर सातपाटीचें नांव झालें त्याला २०२३ मध्यें महाराष्ट्रानें राज्यमासा म्हणून मान दिला. त्या माशाच्या घरट्याची किंमत मात्र कोणत्याहि दप्तरांत नोंदलेली नाहीं.

जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें डहाणूजवळच्या वाढवण बंदरास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्याचा पायाभरणी समारंभ झाला. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये आहे, आणि सुमारें १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढावयाचा आहे. बंदराच्या बाजूनें रोजगाराचे, व्यापाराचे आंकडे दिले जातात. विरोधकांच्या बाजूनें मासेमारी आणि किनाऱ्याची काळजी बोलून दाखविली जाते. बंदर व्हावें कीं होऊं नये याचा निवाडा या लेखांत करण्याचा आमचा विचार नाहीं. पण अशा प्रकल्पाचा नफातोटा मांडतांना एक लहानसा आंकडा कोठें तरी खालीं टीपेंत असतो, त्याकडे वाचकाचें लक्ष वेधलें पाहिजे. पुढच्या वर्षींचा रुपया आजच्या रुपयाहून कमी धरतात; किती कमी, त्याचा एक दर ठरविलेला असतो. समजा, एका कुटुंबाचें दरवर्षीं १०० रुपयांचें कायमचें नुकसान व्हावयाचें आहे. दर शेंकडा १० धरला तर त्या सगळ्या भावी नुकसानाची आजची किंमत १,००० रुपये निघते. दर शेंकडा ४ धरला तर तीच २,५०० रुपये होते. मासे तेच, कुटुंब तेंच, वर्षें तींच. दहा धरावे कीं चार, हें गणित सांगत नाहीं. नातवाच्या भाकरीला आजोबाच्या भाकरीच्या मानानें किती मोल द्यावयाचें, असा तो प्रश्न आहे. आणि तो दशांश चिन्हाच्या आड बसलेला असल्यामुळें सभेंत कोणी विचारीत नाहीं. जाणत्यांच्या लबाडीची ही गोष्ट नव्हे. त्यांना कोणता तरी दर धरावाच लागतो. मात्र वाढवणच्या किंवा सातपाटीच्या माणसाला तो दर कोणता धरला असें विचारतां आलें पाहिजे, आणि उत्तर आलें तर तें समजलें पाहिजे. एवढ्यासाठीं त्याला पदवीची गरज नाहीं. होडीच्या कर्जाचे हप्ते भरणारा माणूस दराचा अर्थ पुष्कळ पदवीधरांहून चांगला जाणतो.

यावरून सामान्यांसाठीं लिहिलेल्या पुस्तकाकडून काय मागावें हें आपोआप ठरतें. त्यानें आपली बाजू उघडपणें सांगावी, पण सावकाराचा साडेबारा टक्क्यांचा हिशेबहि प्रामाणिकपणें छापावा. शब्दांच्या बाबतींत त्यानें विशेष जपावें. 'राजकोषीय तूट', 'सकल देशांतर्गत उत्पाद' अशा शब्दांनीं भरलेलें मराठी पान इंग्रजीहून दुर्बोध होतें, आणि वाचकाचा समज होतो कीं दोष आपल्या बुद्धीचा आहे. खावटी, वाढीदिढी, खंड, अर्धेल, तारण, बयाणा, वटाव हे शब्द आपल्याकडे आहेत. त्यांच्यामागें पिढ्यांचा अनुभव आहे. ते जेथें पुरत नाहींत तेथें नवा शब्द खुशाल आणावा, पण त्याच्याबरोबर एक हिशेब करून दाखवावा. डोंगरपट्टींतील पुष्कळ मुलांची घरची बोली वारली आहे आणि पुस्तकी मराठी तिला परकीच पडते, याचाहि विचार लेखकानें करावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं बोर्डी-कोसबाड येथें आदिवासी मुलांसाठीं बालशिक्षणाचें जें काम उभें केलें त्यांत मुलाच्या अंगणांतल्या वस्तूंपासून शिकवावयास आरंभ होत असे. प्रौढांना रुपया शिकवितांना ती पद्धति कमीपणाची मानण्याचें कारण नाहीं.

गोदावरीबाईंनीं त्या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत १९७० मध्यें लिहिली आणि १९७२ मध्यें त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तें आत्मकथन म्हणून वाचलें जातें, आणि तसें तें आहेच. पण मजुरी कशी ठरते, कर्ज कसें वाढतें, आणि हिशेबाची वही एकाच्याच हातीं असली म्हणजे काय होतें, याची इतकी सविस्तर माहिती मराठींत दुसरीकडे क्वचितच मिळेल. पालघर-बोईसरकडच्या वाचनालयांच्या चालकांनीं त्याची एक जादा प्रत घेऊन ती अर्थशास्त्राच्या कपाटांत ठेवावी. त्या कपाटाकडे सहसा कोणी फिरकत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. परीक्षेसाठीं व्याख्या शोधीत येणारा एखादा विद्यार्थी तरी ती चाळील.